एका चुलीचे दात

आता शहरात लोक दातांचा विमा काढतात म्हणे. आमच्याकडे तो खळ्यावर, ज्वारीच्या राशीपाशी निघायचा. महाराष्ट्र नवा नवा झाला होता आणि मीही या घरात नवीच होते. मोताळ्याच्या बाजारात बसणारा एक दातवाला गावोगाव हिंडायचा. सुगीला त्याला धान्य घातलं, की वर्षभर घरच्यांचे दात त्यानं सांभाळायचे. थोड्या ज्वारीत दात काढणं आणि सुजेवरचं औषध. जास्त दिली तर कीड कोरून दात भरणंही. कवळी कशातच नाही. सासऱ्यांनी थोड्या ज्वारीची बोली धरली. "एका चुलीले एक वाटा," दातवाला म्हणाला, आणि सासऱ्यांनी मान डोलावली. अहो, माणसानं नीट ऐकून तरी घ्यावं. पण न्हावी, सुतार दर घरामागे धान्य न्यायचे, तेव्हा हाही तसाच नेणार असं त्यांनी धरून टाकलं.

फाल्गुनात आत्याबाईंची दाढ उठली. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची बहीण, माझ्या नवऱ्याची आत्या. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेल्या. सासूबाई मी येण्याआधीच वारल्या होत्या, म्हणजे मला घरात वडीलधारी बाई अशी एवढीच. पण मी आले आणि त्यांनी ओसरीच्या कोपऱ्यात आपली वेगळी चूल मांडली. "आता घर तुहं हाये, मी पाहुणी," म्हणायच्या. मला भारी राग यायचा. माझ्या हातचं काय विष लागतं का यांना, असं मी भांड्यांना ऐकवायची.

माजघरात तेव्हा विकायचा राहिलेला कापूस आढ्यापर्यंत भरला होता. आत्याबाई दाढेखाली लवंग धरून त्याच्या कडेला पडून असायच्या. दुपारी उन्हाची तिरीप आत यायची, तीत कापसाचे तंतू तरंगत राहायचे, आणि घरभर लवंगेचा वास. बाहेर बैलांच्या घंटा वाजायच्या, जवळ की लांब ते कळायचं नाही. त्यांच्या उशाशी बसून मी पेंगायची आणि दचकून जागी झाले की वाटायचं, सगळं घर कापसासकट जमिनीवरून जरासं उचललं गेलंय. गाल मात्र सुजतच चालला होता. अंगात ताप, पोटात अन्नाचा कण नाही. बाई हातची जाते की काय, अशी मला भीती वाटायला लागली.

सासऱ्यांनी निरोप धाडला तसा दातवाला आला. ओसरीवर पाय ठेवला आणि थांबला. तापातसुद्धा आत्याबाईंनी गुळण्यांचं पाणी आपल्याच चुलीवर ठेवलं होतं.

"हे चूल कोणाची?"

"माही," आत्याबाई म्हणाल्या.

"मंग हे घर अलग झालं, बाई. बोली एका चुलीची होती. इचारा भाऊले."

सासरे गोरेमोरे झाले. "अजून एक वाटा घालतो, बापा. दाढ काढ."

"घालाचा नाही," आत्याबाई कण्हत म्हणाल्या. "माह्या दाढेपायी भावाच्या ज्वारीले हात लावू देणार नाही मी. दुखते त दुखू द्या."

झालं, माझं डोकं फिरलं. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि त्यांच्या पेटत्या चुलीत ओतला. असं कोणी करतं का? सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. ओसरीभर धूर झाला.

"झाली एक चूल," मी म्हटलं. "काढा दाढ."

दातवाला हसला नाही. "आता इझवली. सांजच्याले पुन्हा पेटली त?"

तो माझ्याकडे पाहतच नव्हता. त्याला आत्याबाईंचं उत्तर हवं होतं. त्या धुरात गाल धरून बसल्या होत्या, आणि मला वाटलं, या आता मला जन्मात क्षमा करणार नाहीत.

"नाही पेटणार," त्या म्हणाल्या.

दाढ निघाली. ताप उतरला तशी मी ज्वारीच्या कण्या शिजवल्या, वर ताक घातलं आणि भीतभीतच वाडगं त्यांच्यापुढे ठेवलं. आजवर मी नेऊन दिलेल्या प्रत्येक वाटीला त्या "लय गोड झालं वं" म्हणायच्या आणि वाटी घासून परत करायच्या. आज पहिलाच घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ काऊन नाही टाकलं वं? अशानं माह्या भाच्याले उपाशी मारशीन तू."

मला इतकं बरं वाटलं, की मीठ आणायला मी उठलेच नाही. तिथंच रडत बसले.