वैशाली कशी फुटली

मखमलाबाद रस्त्याला मळे मोडून प्लॉट पडले, तेव्हा आमच्या कॉलनीच्या मधोमध नियमाप्रमाणे एक मोकळी जागा सोडलेली होती. आम्ही राहायला आलो तेव्हा तिथं गाजरगवत आणि बांधकामाचा राडारोडा होता. चार घरांनी मिळून ती साफ केली, कडुनिंब, करंज, बकूळ लावले आणि मग एक रीतच पडून गेली. महिन्यातल्या पहिल्या रविवारी सकाळी घरटी एक माणूस तिथं सतरंजीवर येऊन बसे आणि कॉलनीचं जे काही असेल ते तिथंच ठरे.

आम्हाला अध्यक्ष नव्हता. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक काका पाण्याचं बघत. गोदाघाटावर यात्रेकरूंचे विधी करणारे गुरुजी भांडणं मिटवत, कारण त्यांना उलटून बोलायला कुणाची जीभ रेटत नसे. नामपूरकडून येऊन इथं घर बांधलेले कांद्याचे एक व्यापारी होते, त्यांना सगळे दादा म्हणत. सरकारी माणूस दारात आला की दादा पुढं. मी कॉलेजात प्राचीन भारताचा इतिहास शिकवत होते, त्यामुळे अर्ज-विनंत्या माझ्या गळ्यात. बैठकीत वाद खूप व्हायचे. एकदा बोअरवेलवरून काका आणि दादा इतके तापले की बकुळीवरचे पक्षी उडाले. पण वाद सतरंजीवर व्हायचा आणि सतरंजीवरच संपायचा. एकदा त्या जागेत मोबाइलचा टॉवर उभा करायला माणसं आली, तेव्हा दादांच्या एका हाकेसरशी अख्खी कॉलनी बाहेर पडली. बायका कणकेच्या हातांनी आल्या होत्या. टॉवरवाले गेले ते परत आले नाहीत.

त्या काळात मी वर्गात वैशालीबद्दल शिकवताना मनातल्या मनात आमची सतरंजी बघत असे. लिच्छवींचं ते गणराज्य. राजा एक नाही, सभेतला प्रत्येक जण राजा. संकट आलं की नगारा वाजायचा आणि सगळे सभागृहात जमायचे. मगधाच्या राजाला ते लढाईत जिंकता येईना. मग त्याने आपल्या मंत्र्याला खोटं खोटं हाकलून दिलं. तो वैशालीत आश्रयाला आला आणि त्या भोळ्या लोकांनी त्याला चांगलं पदही दिलं. त्याने काही केलं नाही. फक्त एकेकाला बाजूला घेऊन तो कानात काहीतरी फालतू विचारायचा. तुमच्याकडे शेत नांगरतात का? हो. दोन बैल जुंपतात ना? हो. एवढंच. पण बघणारे त्या माणसाला विचारायचे, मंत्री काय म्हणाला? तो खरं सांगायचा. आणि कुणाला ते पटायचं नाही. एवढा मोठा माणूस बाजूला घेऊन बैलांचं कशाला विचारेल? काही वर्षांत दोन लिच्छवी एका वाटेने चालेनासे झाले. मगधाचं सैन्य आलं, नगारा वाजला, आणि जो तो म्हणाला, ज्यांना राजा म्हणवून घ्यायचंय त्यांनी जावं.

ही गोष्ट वहीत उतरवून दरवर्षी वर्ग बाहेर पडायचा. एका वर्षी मात्र दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा तास संपल्यावर मागे थांबला. हुशार होता, वक्तृत्वाची बक्षिसं मिळवायचा. म्हणाला, "मॅडम, कमाल आहे. तो मंत्री एकही खोटं वाक्य बोललेला नाही!"

मला त्याचं फार कौतुक वाटलं. इतकं बारकाईने ऐकणारा विद्यार्थी वारंवार मिळत नाही.

पुढे मी निवृत्त झाले. तो मुलगा आमच्याच भागात फ्लेक्सवर दिसू लागला. हात जोडलेले, खाली 'भावी नगरसेवक'. निवडणुका काही होत नव्हत्या, दरवर्षी पुढं जात होत्या, आणि त्याचं भावीपण ऊन-पावसात फिकट होऊन पुन्हा नव्याने छापलं जात होतं. सिंहस्थाची कामं सुरू झाली, रस्ते खणले गेले, जमिनींच्या भावांना पंख फुटले. एक दिवस तो आमच्या रविवारच्या बैठकीत आला. चप्पल लांब काढून सतरंजीवर बसला, माझ्या पाया पडला. त्याच्या संस्थेला या जागेवर एक सभागृह बांधायचं होतं. मुलांना अभ्यासिका, ज्येष्ठांना विरंगुळा, भाविकांची सोय.

दादा म्हणाले, "झाडं हायेत तिथं. सभागृह दुसरीकडं बांधा."

काका म्हणाले, "आमची हरकत आहे, आणि ती आम्ही लेखी देऊ." सगळ्यांनी माना हलवल्या. तो हसला, चहा प्यायला, गेला. मला वाटलं, संपलं.

त्यानंतर तो कॉलनीत वरचेवर दिसू लागला. सभागृहाचा विषय नाही. पण संध्याकाळी काका फिरायला निघाले की त्याची गाडी थांबायची, तो उतरायचा, काकांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना करंजाखाली न्यायचा, दोन मिनिटं बोलायचा. कधी गुरुजींना दुचाकीवरून उतरवून बाजूला घ्यायचा. दादांच्या फाटकाशी उभा राहून त्यांच्या कानाशी लागायचा आणि मग मोठ्याने म्हणायचा, "ठरलं मग, दादा!"

एकदा दूध घेऊन येताना त्याने मलाही गाठलं. समोर गुरुजींच्या ओट्यावर गुरुजी आणि काका बसलेले होते. त्याने मला चार पावलं लांब नेलं, वाकला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, गुडघा कसा आहे आता?"

"बरा आहे," मी म्हणाले.

"जिना चढता ना?"

"चढते."

"छान. तुम्ही आमच्याबरोबर आहात, मला माहीत आहे," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणून तो गेला.

मी ओट्यापाशी आले तर काका म्हणाले, "काय म्हणत होता?"

"गुडघ्याचं विचारत होता."

काकांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी उपरण्याचं टोक नीट केलं. "असं का," काका म्हणाले. "गुडघ्याचं."

आयुष्यभर फळ्याकडे पाठ करून मी जी गोष्ट सांगितली, तिच्यात मी आता उभी होते. काकांचा चेहरा, तो न पटल्याचा सभ्य चेहरा, मी वर्गात कधी वर्णन करू शकले नव्हते. तो असा दिसतो.

पुढच्या रविवारी माणसं कमी होती. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. वैशाली, मंत्री, बैल. म्हणाले, "आजपासून एक करूया. तो आपल्यापैकी कुणाशीही काहीही बोलला, तर ते इथं सगळ्यांसमोर सांगायचं. अगदी फालतू असलं तरी."

गुरुजी म्हणाले, "म्हणजे आता कोण कुणाशी बोलतं यावर पाळत ठेवायची का? मी घाटावर शंभर लोकांशी बोलतो, मॅडम."

दादा उठले. "मॅडम, मला येडं समजू नका. तो तुमचा विद्यार्थी. सगळ्यांदेखत तुमच्या पाया पडला. अन् तुम्ही आम्हाला गोष्ट सांगता?"

"दादा, तो तुम्हाला काय विचारतो ते तरी सांगा."

"भावाचं विचारतो. कांद्याच्या भावाचं," दादा म्हणाले, आणि काका मोठ्याने हसले. ते हसणं दादांना लागलं. चप्पल पायात सरकवून ते निघून गेले. सतरंजी झटकून घडी घालायला मी आणि चहाचे कप न्यायला आलेल्या काकांच्या सूनबाई, दोघीच उरलो.

त्यानंतर बैठक झाली नाही. कुणी मोडली असंही नाही. एका रविवारी लग्नसराई होती, एका रविवारी कुणीच आलं नाही, आणि मग सगळ्यांना हायसं वाटलं. कुजबुज मात्र भरपूर होती. दादांना सभागृहाच्या खडीचं काम मिळणार म्हणे. गुरुजींना तिथल्या लग्नांची पौरोहित्यं. काकांच्या मुलाला संस्थेत नोकरी. मला काय मिळणार होतं हे मला कुणी सांगितलं नाही, पण भाजी घेताना बायका बोलायच्या थांबत, त्यावरून काहीतरी भरघोस असावं. यातलं एकही खरं नव्हतं. त्याला कुणालाच काही द्यावं लागलं नाही.

जेसीबी सकाळी आला, उन्हं वर आल्यावर. मी कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं : 'झाडं पाडायला आले आहेत. सगळे ताबडतोब या.' आणि कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिले. फोनवर एकेका नावापुढं निळ्या खुणा उमटत गेल्या. काका फाटकापर्यंत आले. समोर दादांच्या गच्चीकडे त्यांनी बघितलं. दादा गच्चीतून काकांकडे बघत होते. दोघंही एकमेकांच्या पहिल्या पावलाची वाट बघत असावेत. मग काका आत गेले. गुरुजींची दुचाकी मागच्या गल्लीने घाटाकडे गेल्याचा आवाज आला.

तो स्वतः आला होता. छत्री घेऊन माझ्याजवळ आला.

"मॅडम, उन्हात का उभ्या?"

"तू हे मुद्दाम केलंस," मी म्हणाले.

"मी काय केलं? मी कुणाशी खोटं बोललो का, विचारा." मग आवाज मऊ करून म्हणाला, "तुम्ही जे शिकवलं ते मी एकट्यानेच लक्षात ठेवलं, मॅडम. बाकीच्यांनी परीक्षेपुरतं वाचलं."

त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. ती असती तर बरं झालं असतं. त्याच्या संस्थेच्या दोन पोरींनी मला दंडाला धरून हलकेच बाजूला नेलं आणि खुर्ची दिली. खुर्चीत बसून मी बकूळ पडताना बघितली.

निवडणुका अखेर झाल्या आणि तो निवडून आला. महापालिकेच्या नव्या सदस्यांसाठी त्याने एका हॉटेलात शिबिर भरवलं आणि मला निमंत्रण धाडलं. विषय त्यानेच ठरवला होता, प्राचीन गणराज्यांचा ऱ्हास आणि आजचे लोकप्रतिनिधी. मी गेले. मनात एकच होतं, याच्या तोंडावर, याच्या माणसांसमोर सगळं बोलायचं.

आणि मी बोलले. वैशालीचं सांगितलं. म्हणाले, गणराज्य बाहेरच्या तलवारीने पडत नाही, आतल्या संशयाने पडतं, आणि तो संशय पेरणारा माणूस आदराने वागणारा, गोड बोलणारा असतो. म्हणाले, असा माणूस आज या सभागृहात बसलेला आहे.

पुढच्या रांगेत हशा पिकला. सगळ्यांनी एकमेकांकडे बोटं दाखवली. तोही दिलखुलास हसत टाळ्या वाजवत होता. मागून एकाने हात वर केला.

"मॅडम, त्या मंत्र्याला शेवटी काय मिळालं?"

मी काही म्हणायच्या आत दुसरा ओरडला, "पुढच्या वेळी तिकीट!"

पुन्हा हशा. काही जण खरोखरच मन लावून ऐकत होते, पुढं वाकून, जसा कधीकाळी दुसऱ्या बाकावरचा तो ऐकायचा. ते बघून मी उरलेलं भाषण आवरतं घेतलं. एकेकाला बाजूला कसं घ्यायचं, काय विचारायचं, हे मी अधिक तपशिलात सांगणं बरं नव्हतं. शाल, नारळ, फोटो झाला.

सभागृहाचं आता लग्नाचं लॉन्स झालंय. अभ्यासिका कागदावर राहिली. दादा घर विकून नामपूरला परत गेले. काका सकाळी फिरायला वेगळ्या रस्त्याने जातात. परवा आमच्या शेजारी नवीन भाडेकरू आले. त्यांची बायको ओळख करून घ्यायला आली, बोलकी आहे. लॉन्सच्या दिव्यांकडे बघत म्हणाली, "काकू, इथं आधी काय होतं हो?"

"मोकळी जागा होती," मी म्हणाले.

"बरं झालं मग. मोकळ्या जागेत लोक नुसता कचरा टाकतात."

मी तिला चहा दिला. साखर किती घेते, एवढंच विचारलं.