मुलुंडच्या कॉलेजातला देवमासा

छताला सांगाडा एकच टांगलेला, पण जो बघायला येतो तो काहीतरी वेगळंच बोलून जातो. मुलुंडच्या एका कॉलेजात मी आणि पेडणेकर, दोघे शिपाई, त्या देवमाशाखाली झाडू मारत म्हातारे झालो. मी चौथी नापास. जे कळलं ते ऐकून कळलं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी नवे प्रिन्सिपॉल आले. त्यांना प्राणिशास्त्राच्या त्या हॉलमध्ये कॉम्प्युटर बसवायचे होते. म्हणजे सांगाडा सोडवायचा आणि पोत्यात भरायचा. परेरा मॅडम आमच्या विभागप्रमुख. त्यांचं सगळं शिकवणं त्या हाडांवर. त्या म्हणाल्या, "काका, जो येईल त्याला दाखवा. सांगाडा बघणारे लोक आहेत, हे प्रिन्सिपॉलसरांना दिसू दे."

म्हटलं, दाखवतो.

*

पहिले आले इतिहासाचे सर. डोक्यावर एक केस नाही. पुढून निरखून म्हणाले, "नाक कुठाय याचं?"

मी कवटीच्या वरचं भोक दाखवलं. हा मासा नव्हेच, याला हवा लागते. नाक वर, म्हणून डोकं बाहेर न काढता श्वास घेतो.

"मला असं असतं तर पोहण्याच्या क्लासमधून काढलं नसतं."

पेडणेकर म्हणाला, "आणि सर, तुमच्या टकलावर शोभलंही असतं."

सर परत आले नाहीत.

*

कँटीनच्या सुशीलाबाई आल्या. मी पोहायचा पर दाखवला. वरून वल्हं, आत अख्खा हात. खांदा, कोपर, मनगट, बोटं.

बाईंनी आपला हात शेजारी धरून बघितला. "कोपर वाकतो?"

"नाही. वाकला तर पाणी कापता येणार नाही."

"मग आयुष्यात एक भांडं घासलेलं नाही याने," म्हणाल्या आणि चहाचे कप उचलून गेल्या.

*

प्रिन्सिपॉलांना हॉलच्या फरशीवर थेंब दिसले. गच्ची गळते समजून, कॉम्प्युटरच्या काळजीने त्यांनी वर डांबर घालून घेतलं. आठवड्याने हॉल बघायला आले, तर त्यांच्याच हातातल्या फाइलवर थेंब पडला. पुन्हा डांबर. पुन्हा थेंब.

पेडणेकरने बोटावर घेऊन वास घेतला. "सायबानू, ह्यां पाणी न्हय, त्याल आसा."

देवमाशाच्या हाडांतही चरबी, तिचंच हे तेल. जड अंग पाण्यात हलकं राहावं म्हणून. मेल्यावर वर्षानुवर्षं झिरपत राहते. आम्ही रोज पुसायचो. विचारलं कोणी नव्हतं.

"आधी का नाही सांगितलंत?"

मी म्हटलं, "डांबर चांगलं झालंय, साहेब. गच्चीला लागतच होतं."

*

मग साहेब टेपवाला घेऊन आले, हॉलची मापं घ्यायला. परेरा मॅडमचा चेहरा उतरलेला. शेपटीजवळ प्रिन्सिपॉल थांबले. तिथे दोन छोटी हाडं, कशालाच न जोडलेली, तारेने नुसती लोंबत होती.

"हे काय? जोडताना उरलं ते टांगलंत?"

मॅडम म्हणाल्या, "कमरेची हाडं आहेत, सर. याचे पूर्वज जमिनीवर चालायचे. मागचे पाय गेले, ही राहिली."

"म्हणजे बिनकामाची. बघा, मी हेच म्हणतोय. ज्याचं काम संपलं, ते ठेवायचं कशाला?"

"तसं नाही सर, त्यांना स्नायू जोडलेले असतात... म्हणजे ते... नराच्या बाबतीत..." मॅडम लाल झाल्या.

मला रिटायर व्हायला सात दिवस राहिले होते. म्हटलं, "साहेब, चालायचं काम सुटलं. पोरं काढायचं चालू आहे."

कोणी कोणाकडे बघेना. प्रिन्सिपॉलांनी चष्मा पुसला, परत घातला.

"कॉम्प्युटर खालच्या मजल्यावर घ्या," म्हणाले आणि गेले.

टेपवाला मात्र बराच वेळ त्या दोन हाडांखालीच उभा होता.