आवाजाला विटाळ नसतो

आमच्या पिढीत स्त्रीच्या आयुष्यात क्रांती झाली, असे सोलापुरातल्या प्रत्येक सभेत सांगत असत, आणि ते खोटे नव्हते. माझ्या आईला पाहायला आले तेव्हा तिच्यापुढे सूपभर तांदूळ ठेवून निवडायला सांगितले होते. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, पाहायला आले तेव्हा तिच्यापुढे वर्तमानपत्र ठेवले.

ते वराच्या वडिलांनी स्वतः बरोबर आणले होते. ते वकील, आणि गावात सुधारक म्हणून त्यांचे नाव. स्त्रीशिक्षणाची सभा असली की अध्यक्षाची खुर्ची त्यांच्यासाठी आधीच पुसून ठेवलेली असे. अक्का मराठी सातवी पास झाली होती. तिला पुण्याला ट्रेनिंगला जाऊन शाळेत शिकवायचे होते. दुसरे काहीच करायचे नव्हते. तिने अग्रलेख न अडखळता वाचला. वकीलसाहेब डोळे मिटून ऐकत होते.

"छान. आता हे बारीक अक्षरातलं वाच, मुली. जरा मोठ्यानं."

तिने तेही वाचले.

"हिचं शिक्षण थांबायचं नाही," ते वडिलांना म्हणाले. "पुण्याला पाठवू आम्ही हिला."

वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले. वकीलसाहेबांच्या डोळ्यांतही काहीतरी होते. तो मोतीबिंदू होता, हे आम्हाला लग्नानंतर कळले.

सासरी अक्का रोज वाचू लागली. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कोर्टाचे कागद, संध्याकाळी थोरांची चरित्रे. मध्ये भाकऱ्या. अडचण होती ती फक्त महिन्यातल्या तीन दिवसांची. तेव्हा ती मागच्या खोलीत बाजूला बसे. ताट वेगळे, पाणी वरून ओतायचे, कुणाला शिवायचे नाही. पहिल्याच महिन्यात वर्तमानपत्रे न वाचता साठली आणि वकीलसाहेब बेचैन झाले. अखेर त्यांनी निकाल दिला: आवाजाला विटाळ नसतो.

"आणि कागदाला?" सासूबाईंनी विचारले.

"कागद कोरडा असतो."

तेव्हापासून त्या तीन दिवसांत खोलीच्या दाराबाहेर आरामखुर्ची येऊ लागली. वर्तमानपत्र लांबून आत टाकायचे, अक्काने आतून वाचायचे. मी भेटायला गेले की हा देखावा पाही. भांडी घासणारी बाई एकदा माझ्या कानाशी लागली. "ह्या घरचा इटाळ बी लई शिकलेला हाय की. पान्याला शिवतो, पेपराला न्हाय शिवत."

पुण्याचा विषय निघाला की कुणी नाही म्हणत नसे. आधी धाकट्या दिराचे लग्न होऊ दे. मग सासूबाईंचे गुडघे बरे होऊ देत. नंतर विषय निघेनासा झाला.

मग एका उन्हाळ्यात गावात महिलांची मोठी सभा ठरली. अध्यक्ष अर्थात वकीलसाहेब. भाषण लिहायला बसायचे तर नेमके तेच तीन दिवस. मी त्या दुपारी तिथेच होते. ते दाराबाहेरून सांगत होते, अक्का आत पेन्सिलीने लिहीत होती.

"भगिनींनो, रूढीच्या शृंखला तोडून बाहेर या. लिहिलंस?"

"हो, मामंजी."

"'बाहेर या'पुढे उद्गारचिन्ह दे. हं. आणि हे मी केवळ बोलत नाही. येत्या जूनपासून माझी स्वतःची सून अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी पुण्यास जात आहे."

आतली पेन्सिल थांबली.

"लिहिलंस का गं?"

"लिहिलं."

दोन दिवसांनी अक्का न्हाऊनमाखून आमच्याकडे आली आणि वडिलांची पत्र्याची ट्रंक मागून घेऊन गेली. सभेत त्या वाक्याला टाळ्यांचा कडकडाट झाला. बायका माना वळवून तिच्याकडे पाहू लागल्या. "हीच का ती? भाग्याची गं बाई." अक्काने पदर सावरला. इतकी सुंदर ती लग्नातही दिसली नव्हती.

जून आला. एका सकाळी तिने वर्तमानपत्र शेवटपर्यंत वाचले, घडी घातली आणि विचारले, "मामंजी, पुण्याला कधी निघायचं?"

"कुणी?"

"मी. जूनपासून म्हणाला होतात."

"कधी म्हणालो मी?"

"भाषणात."

अक्का मला पुढे म्हणाली, ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांना खरोखरच नवल वाटले होते.

"अगं, ते भाषण होतं," ते म्हणाले. मग खुर्चीत मागे टेकून, "बाजारभाव राहिले वाटतं वाचायचे?"

तिने बाजारभाव वाचले. ट्रंक सासूबाईंनी शेंगदाणे ठेवायला घेतली. उंदीर लागत नाहीत म्हणून तिचे घरात कौतुकच झाले. वडिलांनी ती परत मागितली नाही. व्याह्यांकडे शब्दाचीही आठवण करून दिली नाही. मुलीचे बापच ते.

वकीलसाहेबांनी पुढच्या वर्षी तेच भाषण मोहोळला केले. आदल्या दिवशी अक्काने ते त्यांना दोनदा वाचून दाखवले. 'येत्या जूनपासून' हे शब्द बदलावे लागले नाहीत.