आत्यांनी उघडून पाहिलेला गुडघा

शवविच्छेदन करणाऱ्या त्या डॉक्टरीणबाईंना सारं रुग्णालय आत्याच म्हणायचं. आता निवृत्त होऊन कितीतरी काळ लोटला. तरी दुपारी खिडकीशी बसल्या की फिनेलचा तो वास, उंचावरच्या झडपांतून येणारं ते ऊन आठवे, आणि मग ती सावत्र आई आठवल्याशिवाय राहत नसे.

आई नसलेली दोन मुलं तिनं पदरात घेतलेली. थोरला पायरीवरून पडला आणि दिवस मावळायच्या आत गेला. अंगभर काळेनिळे डाग. बाहेर बाकावर सासू तिच्या नावानं शंख करत होती, "हिनंच मारलं माझ्या नातवाला! अंग बघा त्याचं!" सून खाली मान घालून बसली होती. हवालदार तिच्यावरची नजर काढत नव्हता.

आत मदतनीस म्हणाला, "आत्या, डोक्यात रक्त साकळलंय, दिसतंच आहे की. शिवून टाकू?"

"तुला घरी जायची घाई. याला कुठे जायचंय रे?"

टेबलावरच्या जिवाचं पुरतं ऐकून घेतल्याशिवाय उठायचं नाही, ही त्यांची जुनी खोड. एवढ्याशा टेंगळाखाली इतकं रक्त? कवटीला साधा तडाही नाही! त्यांनी गुडघा उघडला. आतलं अस्तर मातकट तांबूस झालेलं. जुनं रक्त पुन्हा पुन्हा मुरलेलं. दुसरा गुडघाही तसाच. हे कुणाच्या माराचं काम नव्हतं. रक्तच नीट गोठत नसणार.

हात धुऊन आत्या बाकावर दोघींच्या मधे जाऊन बसल्या. "याचे गुडघे सुजायचे का गं?"

"सारखे," सून पहिल्यांदाच बोलली. "लचकला असेल म्हणून मी तेल लावून रगडायचे. बाई, त्यानंच गेला का हो?"

"नाही गं. चोळायला नको होतं, हे खरं. पण तो गेला डोक्यातल्या रक्तस्रावानं. आणि डाग माराचे नाहीत, आजाराचे दिसतात. आजी, याच्या आईच्या माहेरी कुणाचं रक्त थांबत नसे का?"

सासूचा आवाज एकदम खाली आला. "तिचा भाऊ. दाढ काढली, ते वाहतच राहिलं, त्यातच गेला. देवाची मर्जी म्हणून गप्प बसलो आम्ही."

"मग धाकट्याचं रक्त आजच तपासू. वेळेवर कळलं तर जपता येतं."

धाकटा सासूच्या खांद्यावर झोपला होता. ती कितीतरी वेळ त्याची पाठ थोपटत राहिली. मग सुनेकडे न बघताच तिनं त्याला तिच्या मांडीवर ठेवलं.

"धर," ती म्हणाली. "हळू धर."