सोगोना बालो खड्ड्यातून उठत नाही

योरो सांगारे देशाचा पंतप्रधान झाला त्या सकाळी रेडिओवर तीन वेळा राष्ट्रगीत वाजलं. राजधानीत, बामाकोत, मोटारींनी भोंगे वाजवून कान किटवले. आणि नदीकाठच्या कोलोदुगु गावात सोगोना बालो रांजणाचा काठ ओल्या फडक्यानं गुळगुळीत करता करता म्हणाली, "घ्या! चार गायी धड राखता आल्या नाहीत, म्हणून आता मेल्यानं देश राखायला घेतला."

कोणी दचकलं नाही. सांगारे म्हणजे फुलानी, गुराखी. बालो म्हणजे लोहार. या दोन कुळांत थट्टेचं नातं, आणि ते कुणाच्या पणजोबाच्याही आधीपासूनचं. लोहारणीनं फुलानीला आपला गडी म्हणावं, फुलानीनं तिला आपली मोलकरीण म्हणावं. जो चिडला तो हरला. एकानं मागितलं तर दुसऱ्यानं नाही म्हणायचं नाही. आणि काही झालं तरी एकमेकांवर हात उचलायचा नाही. तसं केलं तर काय होतं हे कोणी पाहिलेलं नाही, कारण तसं कोणी केलेलंच नाही.

सोगोनाचे तळवे परातीएवढे, आवाज नदीच्या पैलतीरी ऐकू जाणारा. तिचा नवरा नुमोरी कुदळी घडवायचा आणि दिवसाकाठी पाचसात शब्द बोलायचा. उरलेले सगळे तीच वापरायची. लोहाराच्या घरची बाई म्हटल्यावर ती मडकी घडवणार हे ठरलेलंच. पण सोगोनाच्या रांजणात पाणी जसं गार राहायचं तसं दुसऱ्या कुणाच्या रांजणात राहात नसे. हे ती स्वतःच सांगायची, आणि ते खरंही होतं.

सत्तावीस वर्षांपूर्वी योरो या गावात मास्तर म्हणून आला तेव्हा बांबूसारखा किडकिडीत होता. सायकल, तिच्यामागे पत्र्याची पेटी, आणि चेहरा असा की आता रडेल की मग. विहिरीपाशी सोगोनानं आडनाव विचारलं, ऐकलं आणि ओरडली, "ए दूधपित्या! गाय कुठं विसरलास?"

पोरानं सायकल टेकवली. म्हणाला, "लोहारांनी चोरली म्हणून तर शोधत आलोय."

विहिरीवरच्या बायका हसून हसून वाकल्या. त्या दिवसापासून मास्तरचं संध्याकाळचं जेवण सोगोनाच्या घरून जाऊ लागलं: बाजरीचा उंडा आणि वर माशाचा रस्सा. तो म्हणायचा, "भिकार आहे," आणि वाडगं चाटून परत करायचा.

पुढे मास्तरांचा संप झाला, त्याचा पुढारी योरोच. लष्कराचं राज्य होतं, त्याला सेगू शहरातल्या तुरुंगात टाकलं. बातमी आली की त्यानं अन्न सोडलंय. सोगोना गाढवाच्या गाडीतून दोन दिवस प्रवास करून गेली आणि पहारेकऱ्याला म्हणाली, "आमचा गडी इथं आहे. कामचुकार आहे, पण आमचा आहे. जेवतो की नाही ते बघून जाते." योरो जेवला. सुटून आला तेव्हा राज्य बदललं होतं, निवडणूक लागली होती. पहिल्याच सभेत त्याची वाचा बसली. समोर हजार माणसं, आणि हा नुसता घसा खाकरतोय! तेव्हा सोगोना बाकावर चढली आणि म्हणाली, "लोकहो, याला मतं द्या. नाही दिलीत तर हा परत गुरांकडे जाईल, आणि त्या बिचाऱ्यांनी काय पाप केलंय?" त्या हशानं योरोची जीभ सुटली आणि मग दोन तास थांबली नाही. तो खासदार झाला. मग शिक्षणमंत्री. मग पंतप्रधान.

आणि मग तो येईनासा झाला.

दोन वर्षं झाली. अंगानं सुटला, डोळ्यांवर काळा चष्मा आला, मागेपुढे बंदुका आल्या. सोगोना एकदा बामाकोला गेली होती, डोक्यावर नवा रांजण घेऊन. फाटकावरच्या माणसानं सांगितलं, साहेब बैठकीत आहेत. ती दुपारपर्यंत भिंतीच्या कडेला बसली आणि रांजण घेऊन परत फिरली. वाटेत सेगूच्या बाजारात तो विकून टाकला. गावात मात्र तिनं सांगितलं की योरोनं रांजण उराशी धरला आणि ढसाढसा रडला. खरं काय ते एकट्या नुमोरीला माहीत होतं, आणि नुमोरी कुणाला सांगणार?

त्या वर्षी पाणी ओसरल्यावर बायका माती काढायला गेल्या, तर काठावर लाल रंगाच्या खुंट्या. एका कंपनीला भातशेतीसाठी नदीकाठ दिलेला होता, आणि पाणी खेचायचं पंपघर नेमकं मातीच्या खाणीवर येणार होतं. कोलोदुगुतल्या साठ घरांच्या चुली त्या खाणीवर पेटत. दुसरीकडची माती वाळूची, आव्यात तडकते. बायका प्रांतसाहेबांकडे धावल्या. त्यांनी हात वर केले. "खुद्द पंतप्रधानांची सही आहे. गुरुवारी तेच येतायत पायाभरणीला. नवे कपडे घालून या सगळ्या."

गावप्रमुखानं बैठक बोलावली. म्हातारा म्हणाला, "आपण मानाची कोला फळं घेऊन जाऊ, अदबीनं अर्ज देऊ."

"अर्ज तो गावात आलेला मास्तर वाचायचा," सोगोना म्हणाली. "हा जो येतोय तो अर्ज मागच्या माणसाकडे देतो, तो त्याच्या मागच्याकडे देतो, आणि शेवटचा त्यात शेंगदाणे बांधून खातो. मला माझ्या पद्धतीनं बोलू दे."

घरी आल्यावर नुमोरीनं भाता थांबवला. "तो चिडला तर?"

"चिडला तर माती गेली."

"आणि नातं?"

खरं तर सोगोनाला भीती मातीइतकीच नात्याचीही वाटत होती. चारचौघांत ती थट्टा करेल आणि तो काळ्या चष्म्याआडून नुसता बघत राहील. मग सत्तावीस वर्षं तिनं ज्याला शिव्या दिल्या, जेवू घातलं, तो कोण होता? आणि आता शिव्या द्यायच्या तरी कुणाला? तिला रडू येत होतं, म्हणून तिनं नुमोरीला उगीचच झापलं की भट्टीचा धूर डोळ्यात जातो.

गुरुवारी काठावर मांडव पडला. गालिचा आला, खुर्च्या आल्या, ध्वनिक्षेपक आला, रेडिओवाले आले. कोनशिलेसाठी खाणीतल्या सगळ्यात चांगल्या मातीत खड्डा खणला होता, माणसाच्या लांबीचा आणि कमरेएवढा खोल. ज्यानं तो खणला त्या शहाण्याला कुणी विचारायला हवं होतं की बाबा, हा आकार तुला कशाचा वाटतो?

योरो गाडीतून उतरला. शुभ्र झगा, काळा चष्मा. प्रांतसाहेब भाषणाला उभे राहिले आणि त्याच वेळी गावाकडून आक्रोश ऐकू आला.

साठ बायका छाती पिटत येत होत्या. पुढे सोगोना, अंगात नुमोरीचा सणाचा पांढरा झगा, पोटाला उशी बांधलेली, डोळ्यांवर सायकलवाल्याकडून मागून आणलेला काळा चष्मा. "गेला हो गेला!" बायका रडत होत्या. "योरो सांगारे गेला! आमचा गडी गेला!" मांडवासमोर आल्यावर सोगोना पोट पुढे काढून चालू लागली, एक बोट वर करून. "माझ्या बंधूंनो, माझ्या भगिनींनो," ती योरोच्याच सुरात म्हणाली, "विकास होईल. कुणाचा ते नंतर कळवू."

मेलेल्याच्या घरी थट्टेच्या नात्यातल्यांनी त्याची नक्कल करायची, त्याच्या कबरीत आडवं व्हायचं आणि काही मिळाल्याशिवाय उठायचं नाही, ही रीत सगळ्या गावानं शंभरदा पाहिली होती. पण मेलेला माणूस पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून बघतोय, हे कुणी पाहिलं नव्हतं. कुणी हसेना. सगळे योरोच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्या तोंडावर काहीच नव्हतं.

सोगोना खड्ड्यात उतरली आणि आडवी झाली. "ही जागा माझी," आतून आवाज आला. "आता पुरा बघू कुणाला पुरता ते."

कंपनीचा साहेब उठला. "या बाईला बाजूला करा."

दोन पहारेकरी पुढे झाले. त्यातल्या उंच पोरानं वाकून हळूच विचारलं, "मावशी, आडनाव काय तुमचं?"

"बालो."

त्यानं हात मागे घेतले. "मी जाकिते. फुलानी. मला जमायचं नाही, साहेब. नोकरी घ्या हवी तर."

"मग उभा काय राहिलास, गुराख्या? वारा घाल मला," सोगोना म्हणाली.

पण दुसरा पहारेकरी फुलानी नव्हता. तो खड्ड्यात उतरला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. संपलं, तिला वाटलं.

"हात सोड तिचा."

योरो खुर्चीतून उठला होता. तो खड्ड्याच्या काठावर आला आणि त्यानं चष्मा काढला. मग म्हणाला, "बघा रे लोकहो, या लोहारांचा हावरटपणा! जिवंतपणी माझी गाय चोरली. आता मेल्यावर थडगंही चोरतायत."

असा हशा झाला की मांडवाचं कापड हललं असेल. गावप्रमुख इतका हसला की त्याला ठसका लागला. सोगोना मात्र आडवीच राहिली, कारण हसू आणि रडू एकदमच आलं होतं आणि ते लोकांना दाखवायचं नव्हतं.

"ऊठ आता," योरो म्हणाला. "काय हवंय?"

"माती."

त्याचा चेहरा उतरला. "सही झालीय, सोगोना. पंतप्रधानाची सही."

"पंतप्रधान मेला की! आत्ताच तर रडलो आम्ही."

"सही मेल्याआधीची आहे."

"मग आत्मा इथंच कुठं घुटमळत असेल त्याचा. त्याला विचार, ही माती बघून केलीस का सही?"

योरोनं मान वळवली. ध्वनिक्षेपक चालू होता, रेडिओवाल्याचं बोट यंत्रावर होतं. "नाही," तो म्हणाला. "पन्नास कागदांच्या ढिगात एक होता. मी वाचला नाही."

प्रांतसाहेबांनी डोळे मिटून घेतले. एवढी खरी गोष्ट सरकारच्या तोंडून त्यांनी उभ्या जन्मात ऐकली नव्हती.

मग सोगोना उठून बसली आणि जे बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं ते बोलली. "तुझ्या दाराशी मी दुपारपर्यंत बसले होते, योरो. नवा रांजण घेऊन. आत नाही घेतलं मला. गावात येऊन खोटं सांगितलं की तू रडलास." साठ बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

देशाचा पंतप्रधान झगा आवरत खड्ड्यात उतरला. पांढरे बूट घोट्यापर्यंत मातीत गेले. तो तिच्याशेजारी बसला. "मला कुणी सांगितलंच नाही गं."

"कोण सांगणार? तुला साहेब म्हणणारेच भरलेत सगळीकडे. एखादी शिवी देणारी बाई तरी फाटकाच्या आत ठेवायचीस."

तो हसला, आणि गावानं पाहिलं की यावेळी तो खरंच रडतही होता. तिथंच बसून त्यानं भाषणाचा कागद मागवला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर गुडघ्यावर धरून लिहिलं. कागद पुढे केला तरी सोगोना उठेना. "मोठ्यानं वाच. तुमच्या कागदांची आम्हाला सवय नाही."

त्यानं वाचलं, आणि ते सेगूपासून बामाकोपर्यंत ऐकू गेलं: पंपघर वळणापलीकडच्या खडकाळ काठावर बांधावं, खाण कोलोदुगुच्या कुंभारणींची, आधीची सही रद्द. कंपनीचा साहेब म्हणाला, नळ फार लांब पडेल. योरो म्हणाला, "पडू दे. भाताला घाई नाही."

विरोधी पक्षानं पुढे चिखलात बसलेल्या पंतप्रधानाचा फोटो भिंतीभिंतीवर चिकटवला, त्याची नाचक्की व्हावी म्हणून. लोकांनी तोच फोटो फाडून घरी नेला, दारावर लावला आणि निवडणुकीत त्याला पुन्हा निवडून दिलं. पण ते नंतरचं.

त्या दिवशी सोगोना योरोचा हात धरून उठली. पोटाची उशी सोडून तिनं काठावर फेकली आणि बायकांना हाक घातली, "बघताय काय गं? खड्डा सरकारनं खणून दिलाय, माती ओली आहे!" साठ बायका सणाची लुगडी खोचून मांडवासमोरच खाली उतरल्या. टोपल्या आल्या, कुदळी आल्या. योरो अजून खड्ड्याच्या मध्यावर उभा होता, कागद हातात धरून, हसत.

"बाजूला हो, मास्तर," सोगोना म्हणाली. "चांगल्या मातीवर उभा आहेस."

आणि पंतप्रधान बाजूला झाला.