बोटांवर विणलेली किनार

"ही पट्टी पॉलिएस्टरची आहे," हेलन म्हणाली आणि तिनं आमचा गाऊन टेबलावर उलटा टाकला.

इथे आखातात, हूरा भागातल्या वर्कशॉपमध्ये मी कॉश्च्युम मेकर. मूळची वसईची. शहराच्या सीफ भागात मध्ययुगीन युरोपच्या कपड्यांचं प्रदर्शन भरणार होतं, त्यासाठी हा गाऊन. हेलन तिथली तज्ज्ञ. उद्घाटनाला तीन दिवस.

लोकरीचं कापड, लिननचं अस्तर तिनं पास केलं. किनारीचा मात्र एक धागा काढून काडी लावली. रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो, राख चुरते. आमचा धागा वितळून कडक मणी झाला. खलास!

"खरं रेशीम आणते," मी म्हटलं.

"पण पट्टी नको. तेव्हा काही कपड्यांचे, थैल्यांचे काठ गोफानं बांधायचे. रेशमाचे फासे बोटांत अडकवून गोफ विणायचा, आणि विणतानाच काठाला शिवायचा."

सूकमधून, म्हणजे इथल्या बाजारातून, लाल रेशीम आणलं. व्हिडिओ पाहून बसले. दहाही बोटं फाशांत अडकली, मग सुई धरायची कशी? आधी विणून नंतर शिवला, तर काठ वाकडा. मॅनेजर यूसुफ सर घड्याळ दाखवत म्हणाले, "मफी टाइम, मीना! वेळ नाही!"

एवढ्यात रिसेप्शनवरची फातिमा डोकावली. "अरे, ये तो कुरार है! मेरी दादी करती है।"

दुसऱ्या सकाळी ती आजीला, उम्म जासिमना, मुहर्रकहून घेऊन आली. त्यांनी माझा गुंता पाहिला आणि खदखदून हसल्या.

"अकेली करेगी? हम थोब पे, अपने लंबे झब्बे पे, ज़री से करते हैं, चार औरतें मिलके। बैठो सब!"

मी, फातिमा आणि आमची कटर लता समोर बसलो. बोटांत फासे. उम्म जासिम "यल्ला!" म्हणायच्या, आम्ही फासे बदलायचो, गोफ आवळायचो, की त्यांची सुई काठात. वीतभर झाल्यावर मी पाहिलं. किनार सरळ, घट्ट, जणू कापडातूनच उगवलेली! मी ओरडलेच. यूसुफ सर धावत आले, त्यांना वाटलं सुई लागली.

दुपारी हेलन आली. भिंग लावून टाके पाहिले आणि सरळ जमिनीवर बसली. "मला शिकवा."

गाऊन एक दिवस आधी पोचला. खालच्या कार्डावर, हेलनच्या हट्टानं, उम्म जासिमचं नाव पहिलं.

तेव्हापासून काम अडलं की मी आधी ऑफिसातल्या सगळ्यांना विचारते, तुमची आजी काय करायची? इंटरनेट त्यानंतर.