प्रस्थानातला पासपोर्ट

आमची रसिका जर्मनीला जाण्याआधी तिचा पासपोर्ट एकटाच निघाला आणि बोर्ली पंचतनला एका डोहाळजेवणात जाऊन बसला.

हे मी कुणालाही सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, मग खात्री करून घ्यायला आमच्या हिच्याकडे बघतो. ही नुसती मान हलवते आणि म्हणते, "ह्यांनीच पाठवला." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या दुसऱ्या कुठल्याच कर्तृत्वाची नोंद तिने इतक्या कमी शब्दांत घेतलेली नाही.

रसिकाला समुद्रकिनारे का खचतात याचा मोठा अभ्यास करायचा होता. (चौलात जन्मलेल्या मुलीने किनारा शिकायला जर्मनीला का जायचं, हा प्रश्न मी एकदाच विचारला. पुन्हा विचारला नाही.) पहिल्या वर्षी प्रवेश हुकला, दुसऱ्या वर्षी व्हिसा. तिसऱ्या वर्षी दोन्ही मिळालं, पण ठरल्या दिवशी हजर झाली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. म्हणजे ते एक विमान चुकलं की तीन वर्षं पाण्यात. हे सगळं घराला माहीत होतं. मलाही माहीत होतं, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला तशी शंका येईल.

तिने तिकीट काढलं रविवारचं. मला न विचारता. मी एस.टी.च्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून जन्म काढलेला माणूस, कोणी कधी निघावं हे सांगण्याचा मी पगार घेत होतो. मी पंचांग उघडलं.

"रविवारी पश्चिमेला दिशाशूळ आहे," मी म्हटलं. "त्या दिवशी त्या दिशेला निघू नये. कामात खोडा येतो."

"बाबा, पृथ्वी गोल आहे. पूर्वेकडून गेलं तरी जर्मनी लागते."

"मग पूर्वेकडून तिकीट काढायचं होतंस."

ती कपाळाला हात लावून आत गेली. पण आमच्या पूर्वजांनी अशा अडचणीवर तोड काढून ठेवली आहे. तिला म्हणतात प्रस्थान ठेवणं. निघायचा दिवस वाईट असला, तर आदल्या चांगल्या दिवशी आपल्यातली एखादी वस्तू शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला, असं धरायचं. मग खऱ्या दिवशी जाताजाता ती उचलायची आणि पुढे व्हायचं. पण एकदा प्रस्थान ठेवलं की ती वस्तू परत घरात आणायची नाही, आणि उचलल्यावर मागे फिरायचं नाही. दिशाशुळाच्या डोळ्यांत धूळ फेकायचा हा राजमार्ग आहे.

शनिवारी संध्याकाळी हिने खणात मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी घेतली आणि म्हणाली, "यात तिची एक ओढणी घाला, झालं."

मला हे पटेना. ओढणी ही काय वस्तू आहे? ओढणी जर्मनीला गेली काय, न गेली काय. काम मोठं, तर प्रस्थानही तोलामोलाचं हवं. मी वाडीतला एक सोललेला नारळ घातला. आणि मग विचार केला की ज्याच्यावाचून माणूस जाऊच शकत नाही अशी एकच गोष्ट आहे. रसिका सगळी कागदपत्रं तपासून, निळ्या फोल्डरात लावून, शांतपणे जेवायला बसली होती. मी फोल्डर उघडला, पासपोर्ट काढला, तांदळात खुपसला आणि गाठ मारली. कुणाला बोललो नाही. शुभकार्याची जाहिरात करू नये.

शेजारी पांडूअण्णा एकटेच क्रिकेट बघत बसले होते.

"अण्णा, रसिकाचं प्रस्थान आहे. उद्या सकाळी उचलतो."

"ठेव देव्हाऱ्यात," अण्णा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. "आमी पहाटेच जाणार. आमच्या लेकीचं, प्राजक्ताचं डोहाळजेवण हाय ना बोर्लीला, तिच्या सासरी. चावी चाफ्याच्या कुंडीत ठेवतो."

देव्हाऱ्यात आधीच एक गाठोडं होतं. तसाच हिरवा खण, तशीच गाठ, तसाच नारळाचा फुगवटा. मी माझं गाठोडं त्याच्याच शेजारी टेकवलं. मला काही वाटलं नाही. आपल्याकडे देव्हाऱ्यात गाठोडं असणं यात वाटण्यासारखं काय आहे?

रविवारी सकाळी मी माझ्या जुन्या व्हॅनमध्ये बॅगा भरल्या. मांडव्याहून बोटीने मुंबई, दुपारी साळ्याच्या घरी जेवण, रात्री विमान, असा मी आखलेला चोख कार्यक्रम होता. अण्णांच्या कुंडीतली चावी काढली, देव्हाऱ्यातलं गाठोडं उचललं, हिच्या मांडीवर दिलं आणि बजावलं, "आता कुणी मागे वळून बघायचं नाही."

मांडव्याच्या जेट्टीवर बोट लागलेली होती. रसिकाने शेवटचं म्हणून फोल्डर उघडला आणि ती दगडासारखी थांबली.

"आई, पासपोर्ट नाहीये."

हिचा चेहरा उतरला. मी मात्र हसलो. अख्ख्या आयुष्यात मी इतका समाधानाने कधी हसलो नसेन.

"घाबरू नका. तो कालच निघालाय," मी म्हटलं आणि हिच्या हातातलं गाठोडं सोडलं.

तांदूळ निघाले. नारळ निघाला. हळकुंड, सुपारी, बदाम, खारीक आणि हिरव्या बांगड्या निघाल्या. मी तांदूळ पुन्हा चाळले. मग नारळ हलवून बघितला. (नारळात पासपोर्ट असता तर वाजला असता का, हा प्रश्न मला नंतर सुचला.)

"ही ओटी आहे," ही हळू आवाजात म्हणाली. "प्राजक्ताची. मी आणि कुंदावहिनींनी खण एकाच दुकानातून आणले होते."

"अगं, मग आपलं प्रस्थान?"

"ते ओटी म्हणून गेलं."

रसिका बॅगेवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती समोरच्या बोटीकडे बघत राहिली. तिच्या ओठाचं टोक लहानपणी लसीकरणाच्या रांगेत थरथरायचं तसं थरथरत होतं. मला त्या क्षणी जेट्टीवरून खाली उडी मारावीशी वाटली, पण ओहोटी होती.

हिने कुंदावहिनींना, म्हणजे पांडूअण्णांच्या बायकोला, फोन लावला. मागे बायकांचा कलकलाट ऐकू येत होता.

"व्हय गं, पासपोर्ट हाय ना!" वहिनी आनंदाने म्हणाल्या. "पदरात तांदूळ ओतले तर पासपोर्ट पडला. मला वाटलं जावयांनी ठेवला गमतीनं. जावयांना वाटलं मी. ओटी भरून झाली पन. फोटो पाठवू का? फोटोवर काम भागत असंल तर बघ."

"वहिनी, पासपोर्टच लागतो. अण्णांच्या हाती लगेच पाठवता का?"

वहिनींचा आवाज खाली आला. "तेच तर. प्राजक्ताची सासू न्हाय म्हनते. तुमीच या."

बोट सुटली. मी स्टँडवर आयुष्यभर लोकांना सांगत आलो की गाडी कुणासाठी थांबत नाही. ते वाक्य ऐकणाऱ्याला कसं लागतं, हे मला त्या दिवशी समजलं.

आता मांडव्याहून बोर्लीला जायचं म्हणजे जिथून आलो तिकडेच उलटं फिरायचं, आणि रस्ता जातो आमच्या चौलातून, आमच्याच दारावरून. प्रस्थान उचलल्यावर मागे फिरायचं नाही, हा नियम. मी गाडी चालवताना त्यावर विचार करत होतो.

"रसिका, घर आलं की खाली वाक. अंगावर शाल घे."

"का?"

"तू निघालेली आहेस. तू परत आलीस हे घराला दिसता कामा नये."

"बाबा, घराला डोळे नसतात."

"आजपर्यंत जे चुकलं ते माझं चुकलं. आता तरी शास्त्राप्रमाणे करू दे."

हिला घरी दोन मिनिटं थांबायचं होतं, कारण सकाळपासून चार कप चहा झाला होता. मी नाही म्हटलं. त्या नकाराचे परिणाम मी अजून भोगतो आहे. नाक्यावर नेमका गतिरोधक होता. पानवाल्याने व्हॅनमध्ये डोकं घातलं. मागच्या सीटवर शालीखाली कोणीतरी आडवं, हिचे डोळे रडून लाल, आणि मी घामाघूम.

"काय झालं हो? पोरगी बरी हाय ना?"

"जर्मनीला गेली," मी म्हटलं.

शालीच्या आतून "नमस्कार काका" असा आवाज आला. पानवाला मागे सरकला.

आगरदांड्याला गाड्या नेणारी फेरीबोट उभी होती, तेवढं एक बरं. बोटीवरच्या तिकीटवाल्याने आमच्या बॅगांवर नजर टाकली. विमानतळाला शोभतील अशा त्या दोन बॅगा होत्या, कडेला मोठ्या अक्षरांत नाव-पत्ता लिहिलेल्या.

"कुठं चाललात?"

"जर्मनी."

तो खाडीपलीकडच्या दिघी बंदराकडे बघत राहिला. "दिघीवरनं जाते का आता?"

बोर्लीला पोचलो तेव्हा पंगती उठत होत्या. मांडवात जावयांनी थर्माकोलची एक मोठी होडी केली होती, तिला शिडाच्या जागी हिरवी साडी लावली होती, आणि होडीत फुलांचे दागिने घालून प्राजक्ता बसली होती. तिच्या मांडीवर ओटी होती आणि ओटीवर, नारळाला टेकून, रसिकाचा पासपोर्ट. बायका एकेक करून येत, प्राजक्ताला कुंकू लावत आणि पासपोर्टलाही. एक म्हातारी पान उघडून म्हणत होती, "फोटो काय बरा न्हाय आला पोरीचा."

प्राजक्ताची सासू, अक्का, खुर्ची टाकून होडीपाशीच बसली होती. बंदरावर पहारा असतो तशी.

मी हात जोडले. "अक्का, गाठोडं बदललं. चूक माझी. तेवढा पासपोर्ट द्या, पोरीचं विमान आहे."

"भरलेली ओटी कुनी परत मागतं का?" अक्का शांतपणे म्हणाली. "आणि ओटीत पासपोर्ट आला, याचा अर्थ तुमाला कळतो का? नातवंड परदेशी जानार. देवीनं दिलेला शकुन हाय. तो मी ओटीतनं काढून देऊ? पोटुशीची ओटी उपसू?"

मांडवातल्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. आणि खरं सांगतो, आमची हीसुद्धा डोलावली. मग तिने माझ्याकडे बघून पटकन मान थांबवली.

मी वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. शकुन, शास्त्र, रीत, या सगळ्यांवर आदल्या दिवसापर्यंत मीच भाषणं देत होतो. अक्काच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो, शिवाय जास्त वेळ बोललो असतो.

रसिका पुढे झाली आणि होडीपाशी गुडघ्यांवर बसली.

"आजी, तुमच्या नातवंडाला पासपोर्ट माझ्या फोटोचा कसा चालेल? आज मी गेले नाही, तर तीन वर्षांची मेहनत जाईल. मी तिथे राहिले, तर हे बाळ कधी आलंच तिकडे, तर त्याला उतरायला घर असेल."

 प्राजक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"आई, मीच भरते तिची ओटी," प्राजक्ता म्हणाली. "काढून न्हाय द्यायचं, ओटीतनं ओटीत द्यायचं. माझ्या माहेरची पोर चाललीय ती, तिला मोकळी कशी पाठवायची?"

अक्काला हे पटलं. पण तिने बोट वर केलं. "ओटीत जागा रिकामी न्हाय ऱ्हायची. पासपोर्टच्या बदल्यात पासपोर्ट."

 बोर्लीत डोहाळजेवणाला पासपोर्ट घेऊन कोण येतं?

मी आलो होतो. रसिकाला सोडायला विमानतळावर जायचं म्हणून मी माझा कोरा करकरीत पासपोर्ट खिशात घातला होता. (विमानतळाबाहेर सोडणाऱ्याला पासपोर्ट लागत नाही, हे मला माहीत होतं. चार लोकांत तो खिशातून डोकावलेला बरा दिसतो, एवढंच.) वर्षभराने लेकीला भेटायला जायचं म्हणून तो मी मोठ्या हौसेने काढला होता. मी तो काढला आणि प्राजक्ताच्या ओटीत ठेवला. अक्काने त्याला कुंकू लावलं. प्राजक्ताने रसिकाच्या ओढणीत तांदूळ, नारळ आणि तिचा पासपोर्ट घातला. ही रडली, वहिनी रडल्या, अण्णा होडीला टेकले आणि शीड पडलं.

माणगावमार्गे मी व्हॅन जी हाणली, ती सरळ विमानतळापर्यंत. रसिकाला विमान मिळालं. आत जाताना तिने माझ्या पाया पडून, मला घट्ट मिठी मारून सांगितलं, "बाबा, माझ्या बॅगेत एक तांदळाचा दाणा जरी सापडला ना, तरी मला तुमची आठवण येईल." मी चष्मा पुसत राहिलो. ती काच ओलांडून गेली तेव्हा मी दिशा बघितली. ती पश्चिमेलाच गेली होती, आणि रविवारच होता.

प्राजक्ताला मुलगी झाली. बाळसेदार, हसरी. माझा पासपोर्ट अक्का तिच्या उशाखाली ठेवते. तिला दात आल्यापासून त्यातल्या फोटोतलं माझं नाक गेलंय. आमच्या हिचं म्हणणं आहे की आता तो जास्त हुबेहूब दिसतो. मी मागायला दोनदा गेलो. दोन्ही वेळा अक्काने बेसनलाडू दिले आणि "पोरगी शाळेत जाऊ लागली की बघू" म्हणाली.

परवा रसिकाचा फोन आला. तिच्या पदवीदान समारंभाला आम्ही दोघांनी यायचंच, म्हणून ती हट्टाला पेटली होती. ही लगबगीने पंचांग घेऊन आली आणि म्हणाली, "बघा हो, या वेळी तरी मुहूर्त नीट बघून निघू."

मी म्हटलं, "मुहूर्त कशाला? मी दोन वर्षांपूर्वीच निघालोय. सध्या बोर्लीपर्यंत पोचलोय."